रॉड खराब निघाला म्हणे!

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय आणि आज जरा रागातच बसलोय, तेव्हा सांभाळून घ्या.

त्याचं झालं असं, गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. तब्येतपाणी झालं, पाऊसपाणी झालं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "दादा, तू जावयाला चारचौघांत खोटं पाडलंस म्हणे." दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, तीसुद्धा अमेरिकेतली, आता फिरत फिरत कराडपर्यंत पोहोचली. कोणाकडे ती मोटारीची झालीय, कोणाकडे भांडणाची. एका मावसभावाची तर समजूत आहे की नातू तळ्यात पडला होता! प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथे एकदाच लिहितो. नातेवाइकांनी वाचावं, आणि ब्लॉगवाल्या मित्रांनी न्याय करावा.

तर मित्रांनो, माझी लेक आणि जावई डेट्रॉईटजवळ राहतात. जावईबापू इंजिनियर, मोटारीच्या धंद्यातलेच. त्यांना आणि नातवाला छंद आहे तो शर्यतीच्या छोट्या बोटींचा. छोट्या म्हणजे माणूस बसत नाही एवढंच, नाहीतर दोन-अडीच फुटांच्या असतात. हातातल्या रेडिओवरून चालवायच्या. तळ्यात तरंगत्या खुणा टाकून लांबोळका मार्ग आखतात आणि त्याभोवती पाच-सहा बोटी एकदम सोडतात. नाटकाची तिसरी घंटा झाल्यावर जसं सभागृह एकदम गप्प होतं ना, तसे सगळे गप्प होतात आणि मग जो आवाज सुरू होतो! शंभर भुंगे पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखा. अमेरिकेत त्यांच्या 'नाम्बा' आणि 'इम्पबा' अशा दोन मोठ्या संघटना आहेत, नियमांची पुस्तकं आहेत, वर्गवारी आहे. आमच्या नातवाची बोट साडेतीन सीसीच्या वर्गातली.

साडेतीन सीसी म्हणजे किती, तर लुना आठवते का? तिचं पन्नास सीसी. म्हणजे लुनाचा चौदावा हिस्सा. इंजिन तळहातावर मावतं. पण आपली जुनी स्कूटर जिवाच्या आकांताने पळवली तरी मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घ्यायची. हे पिल्लू २८,००० घेतं. इंधनही पेट्रोल नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि त्यातच मिसळलेलं तेल, साधारण पाचवा हिस्सा. वंगणासाठी वेगळी टाकी नाही की पंप नाही. इंधनाबरोबर येईल तेवढंच तेल, आणि तेही पुढच्या क्षणी धुरावाटे बाहेर.

आता ज्याच्यावरून रामायण झालं तो कनेक्टिंग रॉड. पिस्टन वरखाली होतो, क्रँक गोल फिरतो, आणि या दोघांना जोडतो तो रॉड. या इंजिनात तो अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, दीड इंचाच्या आतबाहेर लांब, दोन टोकांना दोन भोकं आणि भोकात काशाचे बुश. खडूच्या झिजलेल्या तुकड्याएवढा. (मी पस्तीस वर्षं खडूच धरला, मला दुसरी उपमा कुठून सुचणार?)

या तुकड्यावर काय ओढवतं ते मी आमच्या शाळेतल्या निवृत्त विज्ञानाच्या सरांकडून कागदावर करून घेतलंय, तोंडी लावायला नाही सांगत. २८,००० फेरे म्हणजे सेकंदाला सुमारे ४६७. दर फेऱ्यात पिस्टन वर जाऊन थांबतो, उलट फिरतो, खाली जाऊन थांबतो, परत उलट. अंतर सोळा-साडेसोळा मिलिमीटर. वरच्या टोकाला त्याला थांबवून परत ओढताना जो झटका बसतो, तो गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ नऊ हजार पट. पिस्टन आणि त्याची पिन मिळून पाच ग्रॅम धरा. पाच ग्रॅमचे झाले पंचेचाळीस किलो. म्हणजे त्या खडूच्या तुकड्याला सेकंदाला ४६७ वेळा सिमेंटचं जवळजवळ एक पोतं लटकवायचं आणि काढायचं.

आणि हा हिशेब बोट पाण्यात नीट चालत असतानाचा. लाटेवर उडून पंखा पाण्याबाहेर आला की इंजिनावरचं ओझं एकदम जातं आणि फेरे भडकतात. फेरे २८ हजारांचे ३५ हजार झाले, म्हणजे सव्वापट, की ओढ सव्वापट होत नाही, ती वर्गाने वाढते. पंचेचाळीस किलोचे सत्तर होतात. त्यातच चालवणाऱ्याने घाबरून थ्रॉटल झटकन मिटला तर आणखी वाईट. कारण वर जाणाऱ्या पिस्टनला आतला स्फोटाचा दाब थोडीफार गादी देत असतो, तीही जाते.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, मग तुटला तर नवल काय? इथेच माझं भांडण आहे. थांबा जरा.

२०२३ चा उन्हाळा मी तिकडे होतो. शनिवार, २९ जुलै. नातवाची बोट दुसऱ्या क्रमांकावर होती, आणि लांबच्या वळणावर तिचा आवाज मधेच चिरला. किंचाळल्यासारखा वर गेला आणि बंद. ओढून आणून पाहतो तर इंजिनाच्या पोटाला खालून भोक. रॉड तुटला होता आणि तुटलेल्या टोकाने आतून घर फोडलं होतं. आपल्याकडचे मेस्त्री म्हणतात ना, "रॉड बाहेर आला", अक्षरशः तसं. इंजिन भंगारात. जावईबापूंनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "रॉड खराब निघाला."

बस्स. चार शब्द पण नाहीत, तीन. आणि त्याच रात्री त्यांनी रॉड बनवणाऱ्याला पैसे परत मागणारं पत्र लिहिलं आणि ओळखीच्या पन्नासएक बोटवाल्यांना मेलने कळवलं की यांचे रॉड घेऊ नका.

बनवणारा म्हणजे काही कारखाना नव्हे. माझ्याच वयाचे एक गृहस्थ, पूर्वी टूलरूममध्ये नोकरी केलेले. निवृत्तीनंतर घरच्या गॅरेजमध्ये लेथ आणि मिलिंग मशीन मांडून अॅल्युमिनियमच्या लगडीतून एकेक रॉड कापून, घासून द्यायचे. मी त्यांना एकदा तळ्यावर भेटलो होतो. माझं इंग्रजी ऐकून त्यांनी आपलं हळू केलं, एवढी समज असलेला माणूस.

आता माझी सवय तुम्हाला माहीत आहे. शाळेत असताना टाचण वही ठेवायचो, ती खोड सुटली नाही. तिकडे तळ्यावर करायला काही नसायचं, म्हणून प्रत्येक खेपेला बोट किती मिनिटं चालली, काय झालं, ते लिहीत गेलो. नातवालाही ते आवडायचं, "आबा, लिहिलं का?" म्हणून विचारायचा. त्या वहीत शनिवार १५ जुलैला, म्हणजे तुटण्याच्या दोन आठवडे आधी, माझ्या अक्षरात असं लिहिलंय: 'दुसरी फेरी. बोट उलटली. होडीतून आणली. पाणी ओतलं. पुढची फेरी लगेच. प्लग न काढता स्टार्टर लावला. कटक असा आवाज, फ्लायव्हील अडकलं. पुन्हा लावला, सुरू झालं.'

ज्यांना यात काही कळलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. धावती बोट उलटली की इंजिन बंद पडेपर्यंत हवेबरोबर पाणी ओढतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. साडेतीन सीसीच्या इंजिनात पिस्टन वर पोहोचल्यावर डोक्याशी जी पोकळी उरते ती अर्धा मिलिलिटरसुद्धा नसते. म्हणजे दहा-बारा थेंब पाणी आत राहिलं तरी पिस्टनला वर जायला जागा नाही. अशा वेळी करायचं काय, तर प्लग काढायचा, बोट उलटी धरून इंजिन फिरवायचं, पिचकारी सुटते पाण्याची, मग इंधनाने धुऊन प्लग परत बसवायचा. दोन-तीन मिनिटांचं काम. तसं न करता फ्लायव्हीलच्या खाचेत पट्टा अडकवून बारा व्होल्टचा स्टार्टर लावला, तर खालून मोटर ढकलते, वरून पाणी हटत नाही, आणि मधे सापडतो रॉड. तो वाकतो. डोळ्याला दिसेल इतका नाही, पण वाकतो.

त्या दिवशी नातू हातात प्लगचा पाना घेऊन उभा होता. तेरा वर्षांचं पोर. "डॅड, प्लग," एवढं म्हणाला. डॅडना पुढची फेरी गाठायची होती.

त्यानंतर वहीप्रमाणे बोट सात वेळा चालली, सगळी मिळून साधारण तीस मिनिटं. तीस गुणिले २८,०००, म्हणजे आठ लाख चाळीस हजार फेरे. वाकलेल्या रॉडने आठ लाखांहून जास्त वेळा ते पोतं उचललं आणि मग जीव सोडला. मला विचाराल तर त्या म्हाताऱ्याच्या हाताला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक नाही!

धातू थकतो, ही गोष्ट माणसाला फार उशिरा कळली. मी इतिहास शिकवायचो म्हणून हे मला जास्त भावलं. ८ मे १८४२ ला फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस मेदोंजवळ तुटला. डब्यांना बाहेरून कुलपं, त्यात आग. पन्नासच्या वर माणसं गेली. आस तर रोज धावणारा, कालपर्यंत चांगला. तेव्हा पुष्कळांना वाटायचं की लोखंड वापरून वापरून आतून बदलतं, दाणेदार होतं. पुढच्याच वर्षी रँकिन नावाच्या तरुण स्कॉटिश इंजिनियराने मोडलेल्या आसांवरून दाखवलं की तडा एका कोपऱ्यात सुरू होऊन हळूहळू आत सरकत असतो. नंतर जर्मनीत वोलर यांनी रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून किती भाराला किती फेरे, याचा हिशेबच बांधून दिला. पोलादाचं एक बरं असतं, ताण एका मर्यादेखाली ठेवला तर ते जवळजवळ कायम चालतं. अॅल्युमिनियमला तशी मर्यादाच नाही. त्याला प्रत्येक झटका लागतो, छोटासुद्धा, आणि तो जमा होत राहतो. तास दीड तास चाललेल्या इंजिनाचा रॉडसुद्धा वीस-पंचवीस लाख झटके खाऊन बसलेला असतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की रॉड २९ तारखेला तुटलाच नाही. तो १५ तारखेला तुटायला लागला. २९ ला फक्त आवाज झाला.

हे मला अमेरिकेत कळलं असं समजू नका. १९६४ साली आमच्या मळ्यातल्या विहिरीवर ऑइल इंजिन बसलं. मी तेव्हा तेरा वर्षांचा, म्हणजे नातवाच्याच वयाचा. ते इंजिन मिनिटाला जेमतेम हजाराच्या आतबाहेर फिरायचं, पुक-पुक आवाज मैलभर ऐकू यायचा. दोन वर्षांत त्याचा रॉड तुटला. चुलते तरातरा तालुक्याला गेले आणि विकणाऱ्याच्या नावाने शिमगा करून आले. मग मेस्त्री आले. ते पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकणारे जुने गृहस्थ. त्यांनी क्रँकची पिन पुसली, ती निळी-काळी पडलेली होती, आणि चुलत्यांना काही न विचारता तेलाची पट्टी बाहेर काढून दाखवली. कोरडी ठाक. चुलते त्या दिवसापासून मेस्त्रींशी बोलले नाहीत. (आमच्या घराण्यात ही परंपराच आहे असं दिसतं. फक्त या वेळी न बोलण्याची पाळी माझ्यावर आली.)

तुटलेला रॉड बोलतो, मंडळी. पिन निळी पडली असेल, बुश झिजून भोक लंबगोल झालं असेल, तर तेल कमी पडलं. बोटीच्या बाबतीत म्हणजे वेगाच्या लोभाने कार्बोरेटरची सुई जास्त बंद केली. इंधन कमी, म्हणजे तेलही कमी आणि मिथेनॉलचा गारवाही कमी. पिनेवर गंजाचे खड्डे असतील तर दिवस संपल्यावर इंजिनात तेल न सोडता बोट तशीच खोक्यात गेली; मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आमच्या इंजिनाची पिन स्वच्छ होती, चकचकीत. बुशही ठीक. तुटला तो दांडा, खालच्या भोकाच्या थोडा वर. आणि भिंगाखाली तुटलेल्या तोंडाचा एका बाजूचा भाग गुळगुळीत, मळकट आणि उरलेला खडबडीत, ताजा. मळकट भाग जुना, तिथून तडा सरकत आलेला.

जावईबापूंचे मुद्दे मी लपवणार नाही. ते म्हणतात, तुटल्यावर रॉड आत आपटत राहिला, तेव्हाच वाकला असेल. असू शकेल, वाकलेपणाचा पुरावा मी धरतच नाही. पण गुळगुळीत भाग एका क्षणात तयार होत नाही. ते म्हणतात, घडवतानाच ओरखडा राहिला असेल आणि तडा तिथून निघाला असेल. हेही खरं असू शकतं. खराब रॉड असतातच, दोन भोकं समांतर नसलेले, हत्याराचा चरा राहिलेले. पण मग तो कटक आवाज झाल्यावर इंजिनाची मागची झाकणी का उघडली नाही? स्क्रू चार. तेही नको, प्लगच्या भोकातून पिस्टन किती वर येतो ते मोजलं असतं तरी कळलं असतं, कारण वाकलेला रॉड तोकडा पडतो. जे तपासलं नाही ते खराब होतं असं म्हणता येत नाही, आणि पन्नास लोकांना तर कळवताच येत नाही.

तळ्यावरच्या बाकीच्यांचं तत्त्वज्ञान आणखी वेगळं. "शर्यत म्हटली की मोडणारच." ऐकायला मर्दानी वाटतं. पण त्याच तळ्यावर एक जोडपं होतं, त्यांचं तशाच वर्गातलं इंजिन माझ्या वहीप्रमाणे पूर्ण उन्हाळा चाललं. तो गृहस्थ दर काही फेऱ्यांनी झाकणी उघडून रॉड बोटाने हलवून बघायचा आणि ठरलेल्या वेळेला, चांगला दिसत असला तरी, बदलायचा. बायको वेळ लिहायची. (वही! मला किती बरं वाटलं सांगू.) आणि तिसरे म्हणतात जाड रॉड घाला. अहो, जाड रॉड म्हणजे जड रॉड, त्याच्या स्वतःच्या वजनालाही तोच झटका, आणि क्रँकचा तोल बिघडतो तो वेगळाच. आणि दहा-बारा थेंब पाणी जाड रॉडला घाबरत नाही.

आता चारचौघांत खोटं पाडण्याबद्दल. पुढच्या शनिवारी जावयांचे तीन बोटवाले मित्र घरी जेवायला होते. पुन्हा तोच विषय निघाला, त्यातल्या एकाने म्हाताऱ्याची नक्कल केली, थरथरता हात वगैरे. सगळे हसले. मी वही आणली आणि १५ जुलैचं पान माझ्या मोडक्या इंग्रजीत वाचलं. एवढंच. टीका नाही, उपदेश नाही. जावई म्हणाले, "बाबा, तुम्ही बी.ए. मराठी, यात तुम्हाला काय कळतं?" मी म्हटलं, "कळत नाही म्हणूनच लिहून ठेवलं." लेक आतून कढी घेऊन आली ती तशीच उभी राहिली. त्यानंतर मी निघेपर्यंत तीन आठवडे आमचं बोलणं "चहा घेणार?" एवढ्यावर.

मान्य, वेळ चुकली. मित्रांसमोर नको होतं, आधी एकट्यात सांगायला हवं होतं, ही बहिणीची तक्रार मला कबूल आहे आणि त्याबद्दल मी जावयांची फोनवर माफीही मागितली आहे. पण पानावर जे लिहिलं आहे त्याची माफी मी मागणार नाही. त्या म्हाताऱ्यांनी एका शब्दाने वाद न घालता पैसे परत केले होते. मागच्या दिवाळीला नातवाने फोनवर सांगितलं, "आबा, ते आता रॉड करत नाहीत. कोणी घेत नव्हतं." मग थोडं थांबून म्हणाला, "मी त्यांना लिहू का, की प्लग काढला नव्हता?" पोरगं आता पंधरा वर्षांचं आहे, दोन वर्षं हे मनात घेऊन बसलंय. मी म्हटलं, आधी बाबांना सांग, मग लिही. त्याने बाबांना सांगितलं की नाही ते मी विचारलेलं नाही.

रॉडचे दोन तुकडे माझ्याकडेच आहेत. नातवाने निघताना माझ्या खिशात घातले होते, विमानतळावर तपासणीत दोनदा बाहेर काढून दाखवावे लागले. टेबलाच्या खणात, पेनांच्या डबीत ठेवलेत. बहिणीला, मावसभावाला, ज्याला कोणाला शंका असेल त्याने यावं आणि बघावं. भिंग माझ्याकडे आहे. चष्मा मात्र आपापला आणा, मागच्या वेळी माझा नेला तो अजून परत आलेला नाही.